नंबर ठरेपर्यंत

काशिवागी नावाच्या माणसाला मी पाहिलेलं नाही,
पण त्याच्या नावाला किती भोकं पाडावी लागतात
हे अख्ख्या अक्कलकोट रोडवर माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

डिसेंबरात शेठ म्हणाले, चिट्यालमास्तर,
जपानचा पिचर अमेरिकेत चाललाय,
क्लबचे टॉवेल आपल्याकडे, चाळीस हजार नग.
निळ्यावर पांढरं नाव, खाली अठरा.
पिचर म्हणजे काय, मी विचारलं.
आपला बॉलरच, म्हणाले, फक्त टप्पा पाडत नाही.

अठरातला इंग्रजी आठ मी दोन दिवस घासला.
टेरीच्या लूपला गोल जमत नाही,
वळणावळणाला पायरी पडते.
पुठ्ठ्याची कार्डं पंच केली, ओवली,
नमुना विणला, फोटो गेला,
आणि तिकडून निरोप आला: थांबा.

थांबा म्हणजे माग थांबला,
निळा ताणा चढवलेला, तसाच.
मल्लेशमला नगावर पैसे.
रोज येऊन मागाला फडकं मारायचा आणि विचारायचा,
काय म्हणतोय तुमचा जपानी?

मी शेठच्या मोबाईलमधलं सांगायचो.
क्लब म्हणतो पाच वर्षं, एजंट म्हणतो आठ.
क्लब म्हणतो, आधी खांद्याचे फोटो काढू,
आतले, हाडापर्यंतचे.
एजंट म्हणतो, तिसऱ्या वर्षी मन उडालं
तर निघून जायची मुभा हवी, लेखी.
मल्लेशम हसला.
मुभा काय, म्हणाला, मला रोजच आहे.

शिवाय नंबर.
अठरा तिथं आधीच एकाच्या पाठीवर,
उतरत्या वयाचा गडी, सोडायला तयार नाही.
जपानात म्हणे अठरा मानाचा.
लोक म्हणाले, आकड्यासाठी एवढं?
मी म्हणालो, आपल्या सात नंदीध्वजांचा क्रम
पैसे देऊन बदलून दाखवा बरं.

मुदत पंचेचाळीस दिवसांची.
शेवटचा दिवस आला तेव्हा गड्ड्यावर पाळणे फिरत होते.
तिकडे संध्याकाळचे पाच, इकडे पहाटेचे साडेतीन.
शेठ, मी, मल्लेशम, कारखान्याच्या दारात,
कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी कागदावर,
आणि मोबाईल मधोमध, आजाऱ्यासारखा.

तेव्हा मी बोललो.
शेठ, कार्डं पुन्हा करावी लागली, तर पैसेही पुन्हा.
ते म्हणाले, आधी त्याचं तर ठरू दे.
मी म्हणालो, त्याचं साडेतीनला ठरेल,
माझं तीनला ठरवू.
मल्लेशमचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

मला एजंट नाही.
माझ्या बाजूने होतं भिंतीवरचं घड्याळ,
तेही दहा मिनिटं पुढं.
अर्धे, शेठ म्हणाले.
पाऊण, मी म्हणालो, आणि मल्लेशमला
बंद दिवसांचं काहीतरी.
शेठनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.
बरं, म्हणाले.

तीन सत्तावीसला मोबाईल थरथरला.
सही झाली. सहा वर्षं.
नंबर अकरा.

अकरा!
दोन उभ्या रेघा. ना वळण, ना पायरी,
शिकाऊ पोरगंही दुपारपर्यंत पंच करेल.
शेठ माझ्याकडे बघत राहिले.
यात कसले पाऊण, मास्तर?
मी म्हणालो, ठरलं तेव्हा आठच होता.

शनिवारी पाऊण मिळाले.
मल्लेशमला सतरापैकी चार दिवसांचे.
अठरा सोडून त्या माणसानं बदल्यात काय घेतलं,
ते कुणी कळवलं नाही.

अठराचा टॉवेल जगात एकच, नमुन्याचा.
क्लबला नको, शेठला नको.
मल्लेशम तो उजव्या खांद्यावर टाकून
रात्रपाळीला उभा राहतो.
त्या खांद्याचा आतून फोटो कुणी काढलेला नाही.
मागून जाताना मी आठकडे बघतो.
खालच्या गोलात, डावीकडे,
एक पायरी अजून चुकलेली आहे.